पालकसभेतली थप्पड

“मार तिला. इथंच, आमच्या देखत,” बाई म्हणाल्या. आणि मी मारलं.

बोईसरच्या एका शाळेतली पालकसभा होती. माझी पोरगी तिसरीत. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, ‘आदर्श पालकांचे गुण’. संयम. संवाद. शिस्त. समोर कॉलनीतले आईबाप खुर्च्यांवर बसलेले. आम्ही सालवडच्या चाळीतल्या बाया मागे भिंतीला टेकून उभ्या. फॅक्टरीत मी पॅकिंगला आहे, अर्धा दिवस सुट्टी टाकून आले होते. काही खुर्च्या रिकाम्या होत्या. बस असं कुणी म्हटलं नाही, आणि आपण होऊन बसायची हिंमत मला तेव्हा नव्हती.

बाईंनी हजेरीवही उघडली. पोरीला पुढे बोलावलं. चार दिवस कुठे होतीस, म्हणून विचारलं.

“आवणीला,” ती म्हणाली.

खुर्च्यांवर हसू फुटलं. भाताची रोपं लावायला जाणं म्हणजे जणू चोरी.

“शेतात राबवतेस हिला?” बाईंनी मला विचारलं. कॉलनीतल्या आयांना अहो-जाहो, मला अगं-तुगं.

मी तोंड उघडायच्या आत पोरगीच बोलली. “राबवत नाय. माझी ओळ हाय तिथं.”

खरं होतं ते. डोंगरातल्या आमच्या घरी आवणीला प्रत्येक पोराला बांधालगतची एक ओळ मिळते. लहानपणी बाबाने मलाही दिली होती. रोप उथळ खोचलं की दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगतं. बाबाला आधीच दिसायचं, पण तो बोलायचा नाही. सकाळी मला बांधावर नेऊन उभी करायचा. मी बघायची, चिखलात उतरायची, पुन्हा लावायची. त्याने कधी माझ्यावर हात उचलला नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, बाबाला तर शब्दही लागला नाही. फळ्यावरचा तो संयम दुसरा काय असतो? पण हे त्या दिवशी बोलायला माझी जीभ उचलली नाही.

“बघा, उलट बोलते,” बाई खुर्च्यांकडे बघून म्हणाल्या. “घरी मार मिळत नाही वाटतं?”

“नाय मारत,” मी म्हणाले.

“म्हणूनच.” आणि मग ते वाक्य.

शाळेतून नाव काढतील या भीतीने मारलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले. खोटं. खुर्च्यांवरच्या लोकांना मी चांगली आई दिसावी म्हणून मारलं. पोरगी रडली नाही. माझ्या हाताकडे बघत राहिली.

त्यानंतर तेल लावायला हात वर केला की ती डोळे मिटून मान आत घ्यायची. रोज. दिवसभर ‘का, का’ करून डोकं खाणारी पोर काही विचारेनाशी झाली. मला माझी किळस यायची. हात तोच, भाकरी भरवणारा, आणि पोर त्यालाच भ्यायची.

पुढच्या सभेला बाई हसत म्हणाल्या, “बघ, एका फटक्यात किती शांत झाली. जमलं की तुला.”

शाबासकी. शिवीने झाली नसती एवढी अंगाची आग झाली.

मी पुढची रिकामी खुर्ची ओढली. बसले. पोरीला जवळ घेतलं.

“बाई, ती शांत नाय झाली. ती मला भ्याली. आमी पोरांना मारत नाय. त्या दिवशी तुमचं ऐकलं, ती माझी चूक.” मग पोरीला म्हणाले, “तुझं काय बी चुकलं नव्हतं. मी चुकले.”

“सभेची शिस्त बिघडवू नकोस,” बाई म्हणाल्या.

“बिघडू द्या. आन मला अहो म्हणा.”

कुणी हसलं नाही. कॉलनीतल्या आया मोबाईलमध्ये बघत बसल्या. मागच्या भिंतीपासून आमच्या चाळीतली एक जण पुढे आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

पोरगी अजून दचकते. कमी झालंय, गेलेलं नाही. ते कधी जाईल मला माहीत नाही, आणि त्याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही. जाऊही नये.

यंदा आम्ही आवणीला जाणार. पोरीच्या रजेच्या अर्जात ताप आला असं लिहिणार नाही. आवणी असंच लिहीन, खाली माझी सही. हा हात तिच्यावर पुन्हा उठणार नाही. उठव म्हणणाऱ्याने आधी माझ्याशी बोलायचं. मी खुर्चीवर बसलेली असेन.