आईच्या वहीतले झुलू शब्द

संशय घेणं माझ्या रक्तात आहे, आणि ते आईकडूनच आलंय. लहानपणी नागपूरला शाळेतून आल्यावर मी घरी एकटी असायचे. तेव्हा तिने बजावून ठेवलं होतं, ‘कोणी माझं नाव सांगो, माझा आवाज काढो, दार उघडायचं नाही. मी माझ्या किल्लीने येईन.’

आता ती अमेरिकेत प्लेनोला माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आली आहे, आणि दिवसभर घरी एकटी असते.

आधी चहापत्ती भराभर संपायला लागली. मग सिंकमध्ये दोन कप दिसले. विचारलं तर म्हणाली, ‘दोनदा घेतला.’ आई कप विसळून पुन्हा वापरणारी बाई! मी नजर ठेवली. उशीखाली वही सापडली. तिच्या ठसठशीत अक्षरात:

अमांझी – पाणी. इतिये – चहा. उबिसी – दूध. उशुकेला – साखर. इन्यामा – मटण (आपल्याकडे नाही, हे सांगितलं).

कोणाला सांगितलं? फोनवर शोधलं तर भाषा निघाली झुलू. मग दारावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढून बघितलं. रोज अकरा वाजता डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी यायची, हातात झाकलेलं भांडं. दोन तास आत.

‘समोरच्या घरातल्या आहेत,’ विचारल्यावर आई म्हणाली. ‘साउथ आफ्रिकेहून मुलीकडे आल्यात. त्यांची मुलगीही दिवसभर ऑफिसात.’

‘तू ओळखतेस तिला? घर हेरून जातात लोक! भांड्यात काय असतं, कोणी बघितलंय? यापुढे कोणालाही दार उघडायचं नाही. मी माझ्या किल्लीने येईन.’

आई ‘बरं’ म्हणाली. इतक्या लवकर कसं ऐकलं, याचाही मला संशय आला.

पुढचे तीन दिवस तिच्यासाठी काढून ठेवलेला दुपारचा डबा फ्रीजमध्ये तसाच. ‘भूक नव्हती.’ मी चिडले. रुसवा धरते काय या वयात! पुन्हा वही उघडली. शेवटच्या पानावर दोनच ओळी होत्या.

उसुड्लिले? – जेवलात का?
अंगिकाड्ली – अजून नाही.

चौथ्या दिवशी ऑफिसच्या कॅफेटेरियात ताट घेऊन बसले आणि फोनवर कॅमेरा लावला. अकरा वाजता म्हातारी आली. तिने बेल वाजवली नाही. भांडं धरून दारासमोर नुसती उभी राहिली. दाराच्या आतून आईचा आवाज आला, ‘उसुड्लिले?’

‘अंगिकाड्ली,’ म्हातारी म्हणाली, आणि तिनेही तोच प्रश्न विचारला.

‘अंगिकाड्ली,’ आतून आई.

नागपूरला आमच्या दारावरून कोणी गेलं तरी आई हेच विचारायची, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला पाटावर बसवल्याशिवाय सोडायची नाही. आता दोघी दाराच्या दोन बाजूंना उपाशी उभ्या होत्या. मला माझी लाज वाटली.

त्या कॅमेऱ्यातून बोलताही येतं. मी बटण दाबलं. ‘आई, मी बोलतेय. दार उघड. त्यांना आत घे, जेवा दोघी.’

म्हातारी दचकून एक पायरी खाली उतरली. दार उघडलं नाही.

‘आई, अगं मीच आहे!’

आतून शांतपणे उत्तर आलं, ‘माझी मुलगी ऑफिसात आहे. ती तिच्या किल्लीने येते.’

मी ताट तसंच ठेवलं, पर्समधून किल्ली काढली आणि गाडीकडे धावले.