अंबरीशची पिल्स

अंबरीश दमला होता. कशाने, असं कुणी विचारलं असतं तर त्याला धड सांगता आलं नसतं. पन्नाशी उलटलेली, आल्मेरेहून आम्स्टरडॅमला रोजची ट्रेन, ऑफिसात दर वर्षी नवा मॅनेजर आणि त्याच जुन्या कामाला नवं नाव. एकुलती एक लेक संहिता शिकायला ग्रोनिंगनला गेल्यापासून घरात माणसं दोन उरली होती आणि बोलायचे विषय त्याहून कमी. संध्याकाळी घरी आला की तो कोट खुंटीला अडकवी आणि मग आपणही तिथेच अडकल्यासारखा थोडा वेळ उभा राही.

शनिवारी मात्र हाच माणूस उजाडायच्या आत उठे. घरामागच्या शेडमध्ये, सायकलींच्या पलीकडे, त्याची भट्टी होती. भट्टी हा शब्द त्याच्या बायकोचा, मंजूषाचा. "आमच्या सात पिढ्यांत कुणी बाटलीला हात लावला नाही, आणि नवरा मिळाला तो भट्टीवाला," असं ती पाहुण्यांसमोर म्हणे, आणि वर त्याच पाहुण्यांना त्याची बिअर कौतुकाने ओतून देई.

बिअर करणं सांगायला सोपं आहे. भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात तासभर मुरू द्यायचं, गाळून ते गोड पाणी हॉप्सची कडसर फुलं घालून उकळायचं, थंड करून यीस्ट सोडायचं आणि वाट बघायची. अंबरीशने हे बारा वर्षं केलं. पहिल्या गव्हाच्या बिअरच्या बाटल्या फुटून शेडचं छत रंगलं. मग काळी स्टाउट जमली, मठातले साधू करत तशी तांबूस डुबलही जमली. एकेक प्रकार तो पुन्हा पुन्हा करी, माल्ट मूठभर इकडचं तिकडे करी, चव मनासारखी लागेपर्यंत पुढच्या प्रकाराकडे वळत नसे. ऑफिसातलं कुठलंच काम त्याने इतका जीव लावून केलं नव्हतं, आणि हे त्याला ठाऊक होतं.

शेवटी उरली पिल्स. दिसायला सगळ्यांत साधी, पिवळी, पारदर्शक, आणि करायला सगळ्यांत खाष्ट. काळ्या बिअरमध्ये करपलेल्या माल्टच्या आड शंभर चुका दडतात, झाकली मूठ राहते. पिल्सला आडोसाच नाही. गल्लीतल्या बिअर क्लबात दर वसंतात चव घेण्याचा कार्यक्रम होई, आणि शेजारच्या विमची पिल्स दरवेळी सगळ्यांना आवडे. विम रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, उंच, सरळ आणि त्याच्या देशाच्या रीतीप्रमाणे तोंडावर बोलणारा. त्याने एकदा मान डोलवावी, एवढीच अंबरीशची इच्छा होती. एवढं झालं की शेड आवरायची, असंही त्याने मनाशी ठरवलं होतं. अंगात पूर्वीसारखा जोर राहिला नव्हता.

आणि जानेवारीत त्याला सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली.

सकाळचा चहा म्हणजे गरम, गोड पाणी झाला. हिंग, लसूण, साबण, पाऊस पडून गेल्यावरची कालव्याकाठची माती, सगळं एकसारखं, म्हणजे काहीच नाही. हाउसआर्ट्स, म्हणजे नेहमीचे घरचे डॉक्टर, म्हणाले, येईल परत, वाट बघा. इथले डॉक्टर वाट बघण्याचं औषध सढळ हाताने देतात. अंबरीशने वाट बघितली आणि घरात चकार शब्द काढला नाही. मंजूषा आधीच त्याच्या दमण्याची काळजी करत होती, त्यात ही भर कशाला, असं तो स्वतःला समजावी. खरं कारण वेगळं होतं. त्याला भीती वाटत होती. नाक गेलं म्हणजे बिअर गेली, आणि बिअर गेल्यावर शनिवारी उठायचं कशासाठी?

मार्चमध्ये त्याने पिल्स लावली. सवयीने हात चालले. पिल्स थंडीत आंबते, पण अखेरीला तिला दोन-तीन दिवस उबेत ठेवावं लागतं, नाहीतर तिला लोण्याचा वास राहतो. त्याने पिंप उचलून संहिताच्या रिकाम्या खोलीत नेलं, हीटर लावला. उबेचे दिवस भरल्यावर पेलाभर बिअर काढायची, कोमट करायची आणि हुंगायची. लोणी नसेल तर पिंप पुन्हा थंडीत. असेल तर अजून थांबायचं. सगळं त्या एका हुंगण्यावर.

त्याने पेला कोमट केला, वर बशी झाकली आणि मंजूषापुढे धरला. ती पोळ्या लाटत होती.

"जरा बघ गं. कसा वाटतो वास?"

पिठाचा हात लांब ठेवून ती वाकली. क्षणभर थांबली. "छान आहे," म्हणाली.

"नक्की?"

"छान आहे म्हटलं ना."

त्याने पिंप थंड शेडमध्ये नेलं आणि पुढे बाटल्या भरल्या.

क्लबाचा कार्यक्रम मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी झाला. तिथली पद्धत अशी की बाटलीला जुना लोकरीचा मोजा चढवायचा, म्हणजे कुणाची कुठली ते कळत नाही. सगळे चव घेतात, एकेक जण मोठ्याने बोलतो, आणि ज्याची बिअर असेल त्याने गप्प बसायचं. अंबरीशने मंजूषाला आग्रहाने नेलं होतं. त्याची बिअर हिरव्या मोज्यात होती.

रंग सुरेख, असं एकजण म्हणाला. फेस टिकतो, असं दुसरी म्हणाली. मग विमने पेला नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

"लोणी," तो डचमध्ये म्हणाला. "घाई केलीय. हे तर पेला तोंडाशी न्यायच्या आधीच कळतं. बाटलीत भरलंच कसं कुणी?"

बाकीच्यांनी हुंगलं आणि माना डोलवल्या. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही आहे, असं तिथे कुणाच्या मनातही आलं नाही. अंबरीश पद्धतीप्रमाणे गप्प बसला. मंजूषाने हिरव्या मोज्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि तिचं तोंड उतरलं.

उरलेल्या बाटल्या सायकलच्या पेटीत घालून दोघं चालत घरी निघाली. स्वच्छ ऊन होतं. कालव्याच्या कडेला पोहोचल्यावर ती म्हणाली, "मला आला होता तो वास. शिळ्या लोण्याचा. त्याच दिवशी."

तो थांबला. "मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलणार? आई म्हणायची, अन्नाला नावं ठेवू नयेत. त्यातून तू इतका दमलेला असतोस. एवढ्या एकाच गोष्टीत तुझा जीव आहे, त्यात कुठे खोट काढू? आणि मला वाटलं, तुझं नाक एवढं तिखट, तुला कळलंच असेल. तू नुसतं कौतुक करून घ्यायला विचारतोयस."

अंबरीशने सायकल स्टँडवर लावली. बराच वेळ तो पेटीतल्या बाटल्या सारख्या करत राहिला.

"मंजू, मला वास येत नाही. जानेवारीपासून. कशाचाच नाही."

एक बदकीण पिल्लांना घेऊन पाण्यातून गेली. मग मंजूषा हळूच म्हणाली, "गेल्या महिन्यात आमटी करपली होती. घरभर वास होता. तू दोनदा वाढून घेतलीस."

"हो?"

"मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. वाटलं, बिचारा करपलेलंसुद्धा मुकाट्याने खातोय. किती सांभाळून घेतो मला."

त्याला हसू आलं, पण ते अर्ध्यातच मोडलं. दोघांनी एकमेकांना इतकं सांभाळून घेतलं होतं की एका घरात राहून एकमेकांची काही खबरच राहिली नव्हती. हे त्याला त्या कालव्याकाठी कळलं आणि पिल्स बिघडल्यापेक्षा कितीतरी जास्त लागलं.

घरी आल्यावर त्याने बाटल्या स्वयंपाकघरात आणल्या आणि एकेक उघडून सिंकमध्ये ओतू लागला. फेस वर आला आणि खाली बसला. मंजूषा शेजारी उभी राहिली.

"काय काय येतंय?" त्याने विचारलं. "खरं सांग. नावं ठेव."

ती सिंकवर वाकली. "लोणी आहे. फ्रिजमध्ये मागे राहून गेलेलं. त्याच्याखाली भाजलेली कणीक, चांगली खमंग. मग गवत कापल्यासारखं काहीतरी, ते छान आहे. पण लोणी सगळ्यावर बसलंय. टाकायलाच हवी होती."

"आणखी?"

"बिअरमध्ये?"

"नाही," तो म्हणाला. "घरात."

तिने सरळ होऊन श्वास घेतला. सांगायला लागली. दुपारच्या कढीची फोडणी, कढीपत्ता जरा जास्त झालेला. खिडकीतून समोरच्यांच्या लिलॅकच्या फुलांचा. ओला टॉवेल, कुणीतरी वाळत न घातलेला. देवापाशी सकाळची उदबत्ती, विरत आलेली. त्याच्या शर्टाला ट्रेनचा येतो तो, शनिवारीसुद्धा.

अंबरीश रिकामी बाटली हातात धरून, डोळे मिटून ऐकत होता. ती थांबली तेव्हा म्हणाला, "अजून सांग."