सूनबाईंनी निवडलेलं बेट

दुर्बिणी दुरुस्त करणारी माणसं आता उरलीत किती? बोटांवर मोजायला बसलात तर बोटंच जास्त होतील. त्यातल्या एक म्हणजे या सूनबाई. सगळी गल्ली त्यांना सूनबाईच म्हणते, कारण त्या सासऱ्यांच्या दुकानात, सासऱ्यांच्या टेबलावर, सासऱ्यांच्याच स्क्रूड्रायव्हरने काम करतात. पुढच्या काउंटरवर नवरा चष्मे विकतो आणि ज्याला त्याला ‘ही फ्रेम काय शोभतेय तुम्हाला’ असं बिनदिक्कत खोटं सांगतो. मागच्या खोलीत सूनबाई दुर्बिणी उघडतात. त्यांना खोटं बोलता येत नाही.

काम शिकवलं सासऱ्यांनी. पहिली दोन वर्षं नुसती भिंगं पुसायला लावली. मग लोलक, म्हणजे नळीच्या पोटातली ती तिरकी काच, बसवायला दिला. त्यांची परीक्षेची पद्धत तर साधी होती. गिऱ्हाईक म्हणालं, ‘उजव्या नळीत धुकं दिसतंय,’ की ते म्हणायचे, “उलटी धरा.” खालची बाजू वर केली की उजवी नळी डाव्या डोळ्यापुढे येते. धुकं नळीबरोबर डावीकडे गेलं तर दोष दुर्बिणीचा. उजवीकडेच राहिलं तर दोष डोळ्याचा, मग समोरच्या डॉक्टरांचा जिना चढा.

सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी पक्षी बघणाऱ्यांचं एक मंडळ काढलं. दुर्बिणी बिघडवायला हक्काची माणसं हवीत म्हणून काढलं, असं वाईट बोलणारे बोलतात. मी फक्त तुमच्या कानावर घातलं.

मागच्या थंडीत सासऱ्यांनी स्वतःची दुर्बीण सूनबाईंच्या टेबलावर ठेवली. “उजव्या नळीत बुरशी धरलीय. बघ जरा.”

सूनबाईंनी उघडली. आत बुरशी सोडा, धुळीचा कण नव्हता. तरी पुसली, जुळवली, दिली.

“अजून आहे,” सासरे म्हणाले.

दुसऱ्यांदा उघडली. अजून आहे. तिसऱ्यांदा उघडली. तेव्हा मात्र सूनबाई हळूच म्हणाल्या, “बाबा, एकदा उलटी धरून बघता का?”

सासऱ्यांनी दुर्बीण पेटीत ठेवली. “मला शिकवतेस?”

विषय मिटला. जन्मभर लोकांच्या काचांवरचं धुकं पुसलेल्या माणसाने आपल्याच डोळ्यात मोतीबिंदू झालाय हे कबूल करायचं, म्हणजे पोहणं शिकवणाऱ्या मास्तरांनी बादलीत बुडायचं. त्यापेक्षा दुसरी वाट सोपी होती, आणि सासऱ्यांनी ती धरली. रविवारी मंडळ मागच्या खोलीत जमलं तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, “सूनबाईचा हात अजून बसलेला नाही. माझीच दुर्बीण तीनदा उघडली, धुकं तसंच.”

सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच होत्या. अठरा वर्षांचं काम त्या एका वाक्यात पाण्यात गेलं. तोंडावर उत्तर होतं, दोन शब्दांचं. त्यांनी ते गिळलं आणि कप वाटले. त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला दिलेल्या दुर्बिणी तशाच परत नेल्या.

“सांगून टाक ना सगळ्यांना,” नवरा म्हणाला.

“सांगितलं तर ते मंडळ सोडतील. सहल तर सोडतीलच.”

सहलीचं असं होतं. तीस वर्षं मंडळाने तळी, माळ आणि नगरपालिकेचा कचरा डेपो पालथा घातला होता, आणि आता एकदाच, हातपाय चालताहेत तोवर, सातासमुद्रापलीकडे जायचं ठरलं होतं: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, नाहीतर त्या बाजूची बेटं. कुठे, यावर तीन रविवार भांडण चाललं. अध्यक्ष आगीच्या बंबावरून निवृत्त झालेले, आवाज अजून बंबाचाच. त्यांना न्यू गिनीच्या डोंगरातले स्वर्गपक्षी हवे होते. दातांच्या डॉक्टरांना न्यूझीलंडचा किवी. औषधाच्या दुकानाचे मालक आणि मालकीणबाई यांना उत्तर ऑस्ट्रेलियातला माणसाएवढा कॅसोवरी. निवृत्त ग्रंथपाल बाईंना कुठेही चालणार होतं, फक्त तिथे सगळ्यांनी गप्प बसायचं. जंगलात कुणी खोकलं तरी त्या ‘श्शू’ करत, म्हणून मंडळात त्यांना श्शूबाई म्हणत.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, “ज्याला काहीच नको असेल त्याने ठरवावं.”

सगळ्यांनी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सूनबाईंकडे बघितलं.

“हिला?” सासरे म्हणाले. “हिने दुर्बिणीतून आजवर समोरच्या दुकानाची पाटी सोडून काही बघितलेलं नाही.”

“मी ठरवते,” सूनबाई म्हणाल्या. “प्रवासाआधी दुर्बिणी साफ करायच्याच आहेत. अकराच्या अकरा माझ्याकडे द्या. आठ दिवसांनी सांगते.”

“चुकीचं ठिकाण निघालं तर?” डॉक्टरांनी विचारलं.

“तुम्हीही चला बरोबर,” अध्यक्ष म्हणाले. “चुकलात तर तिथेच सोडून येऊ.”

आठ दिवस मागच्या खोलीचा दिवा लवकर लागत होता. माणूस तोंडाने कितीही फुशारक्या मारो, त्याची दुर्बीण चुगलखोर असते. सूनबाईंनी दुर्बिणी उघडून वाचल्या, आणि जोडीला परदेशच्या पक्षीवाल्यांची पत्रकं आणि पुस्तकं. पुढच्या रविवारी त्या टेबलामागे उभ्या राहिल्या.

“अध्यक्षकाका, तुमच्या बिजागरीत बिस्किटाचा चुरा निघाला. पट्टा कोरा आहे, गळ्यात अडकवलेलाच नाही. ही दुर्बीण गॅलरीतल्या खुर्चीत बसून बघते. न्यू गिनीत पहाटेच्या अंधारात चिखलातून दोन तास चढायचं, आणि स्वर्गपक्षी बसणार झाडाच्या शेंड्यावर.”

अध्यक्षांनी खिशातलं बिस्कीट खिशातच ठेवलं.

“डॉक्टर, तुमचे दोन्ही लोलक सरकलेत. तीनदा पडलाय.”

“दोनदा,” डॉक्टर म्हणाले.

“आणि किवी रात्री निघतो. तिथे अंधारात चौथ्यांदा पडाल.” मग त्या औषधवाल्यांकडे वळल्या. “तुमची दोघांत एक दुर्बीण. एकाने फोकस लावायचा, दुसऱ्याने बिघडवायचा, चाकाचे दातच उरले नाहीत. कॅसोवरी चिडला तर लाथ मारतो. तो समोर आला तरी तुम्ही भांडतच असाल.”

“ही भांडते,” मालक म्हणाले.

“बघा, सुरू झालं,” मालकीणबाई म्हणाल्या.

“आता सगळ्यांचं सांगते. फोकसचं चाक एका टोकाला लांबचं दाखवतं, दुसऱ्या टोकाला जवळचं. तुमच्या सगळ्यांची चाकं लांबच्या टोकाला झिजलीत. जवळच्या टोकाचं वंगण कारखान्यातून आलं तसंच्या तसं आहे. तीस वर्षांत एकही पक्षी तुमच्याजवळ आलेला नाही.”

श्शूबाईंना पहिल्यांदाच कुणाला गप्प करावं लागलं नाही.

“म्हणून लॉर्ड हाउ बेट,” सूनबाई म्हणाल्या. “ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, समुद्रात एकटं. लहान विमान जातं, एका वेळी चारेकशे पाहुण्यांवर घेत नाहीत. तिथे न उडणारी रानकोंबडी पायाशी येऊन बूट टोचते. आणि प्रॉव्हिडन्स पेट्रेल नावाचा समुद्रपक्षी आहे. त्यांच्या हिवाळ्यात दुपारनंतर तो डोंगराभोवती घिरट्या घालतो. खालून ओरडलं की खाली उतरतो.”

“ओरडलं की उडून जातो म्हणायचंय तुम्हाला,” श्शूबाई म्हणाल्या.

“उतरतो. शेजारी येऊन बसतो.”

सासरे एवढा वेळ खिडकीकडे बघत होते. “माझ्या दुर्बिणीने काय सांगितलं?” त्यांनी विचारलं.

सूनबाईंनी त्यांची पेटी पुढे सरकवली. “तुमची मला जमली नाही, बाबा.”

खोटं बोलायला शिकल्या त्या, ते हे असं. स्वतःच्या हाताच्या कौशल्यावर पाणी सोडून.

मे महिन्याच्या शेवटी तेरा माणसं त्या बेटावर उतरली. समुद्र आणि उभा डोंगर यांच्यामधल्या सपाट वाटेने वाटाड्या त्यांना घेऊन गेला. वर राखाडी पक्षी फिरत होते, पुष्कळ, पण उंच. सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या. सासऱ्यांनी लावली, उतरवली, पुन्हा लावली. सूनबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या, पण त्यांना दिसत होतं.

“ओरडा,” वाटाड्याने खूण केली.

तीस वर्षांची सवय. कुणाचा आवाज फुटेना. सगळ्यांनी श्शूबाईंकडे बघितलं. बाईंनी पर्स खाली ठेवली, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि चाळीस वर्षं वाचनालयात कोंडलेला आवाज एकदाचा सोडला. मग अध्यक्षांचा बंब सुरू झाला. औषधवालं जोडपं आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात ओरडलं.

आणि आभाळातून पक्षी पडायला लागले. उतरायला नव्हे, पडायलाच. झाडांतून धडपडत धप्पकन जमिनीवर, चालताना झोकांड्या खात, कोण हाक मारतंय बघायला. एक थेट सासऱ्यांच्या बुटांपाशी आला आणि बुटाला टेकून बसला. काळी चोच, चोचीभोवती पांढरट खवले, गोल डोळा.

सासरे गुडघ्यावर बसले. दुर्बीण गळ्यात तशीच लोंबत होती. बराच वेळ त्यांनी त्या पक्ष्याकडे बघितलं, मग उजव्या डोळ्यावर हात ठेवून बघितलं, मग डाव्या.

“ऐका रे,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळे वळले. “माझ्या दुर्बिणीत काही बिघाड नाही. कधीच नव्हता. मोतीबिंदू आहे, उजवा. हिला पहिल्या दिवशी कळलं होतं. हिचा हात माझ्यापेक्षा चांगला बसलाय, आणि हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे.”

“मग इतके महिने आम्हाला काय सांगत होतात?” अध्यक्षांनी विचारलं.

“तोंड डोळ्याच्या शेजारीच असतं ना. दोन्ही एकदम बिघडली.”

सूनबाई समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वारा होता, डोळ्यांत पाणी यायला तेवढं कारण पुरे.

“परत गेल्यावर पहिल्या सोमवारी डॉक्टर,” त्या मागे न बघता म्हणाल्या.

“सोमवारी,” सासरे म्हणाले.

मुक्कामावर परतल्यावर सासऱ्यांनी वाटाड्याच्या गळ्यातली जुनीपानी दुर्बीण ओढून घेतली आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला सांगून टाकलं की ही माझी सून, आमच्याकडे या कामात हिच्यासारखं कुणी नाही. मग शेजारच्या खोलीतल्या जर्मन पाहुण्यांना तेच सांगितलं. मग स्वयंपाकघरातल्या बाईंना, त्यांनी विचारलं नव्हतं तरी.

सूनबाईंनी व्हरांड्यातल्या टेबलावर रुमाल पसरला आणि दुर्बीण उघडली. मंडळ भोवती उभं राहिलं. खरी बुरशी होती, चांगली जाळं धरलेली. त्या पुसत होत्या, आणि सासरे शेजारी दोन्ही तळवे पुढे करून उभे होते, त्यात निघालेले स्क्रू. कुणी जवळ येऊन वाकलं की म्हणत होते, “मागे सरा. तिला उजेड येऊ दे.”