तुटायला हवी ती दोरी

एका दोरीला एकच गळ बांधणे सोपे असते. एकाहून अधिक गळ बांधायचे, तर विचार करून बांधावे लागतात, कारण ते माशाला लागण्याआधी एकमेकांना लागतात. मी शाळेत भूमिती शिकवत असे, म्हणून या कामातला पहिला नियम मला लवकर उमगला. मुख्य दोरीवर ठरावीक अंतराने गाठी मारून आखूड फांद्या काढायच्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला गळ बांधायचा. ही फांदी दोन गाठींमधल्या अंतराच्या निम्म्याहून आखूडच हवी. मग शेजारचे दोन गळ समोरासमोर आले तरी एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत.

बाकीचे सारे मला माझ्या एका मित्रांनी शिकवले. ते मुळशी धरणाच्या काठच्या गावचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतकरी. रस्त्याकडेची जमीन विकल्यावर घराच्या दोन खोल्या ते शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देतात. मी निवृत्तीनंतर पुण्याजवळच्या सूसला राहायला आलो आणि एकदा त्यांच्याकडे पाहुणा म्हणून गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या होडीत बसलो, आणि पुढची काही वर्षे बसतच राहिलो.

गळांच्या या साखळीला आम्ही माळ म्हणत असू. माळ दोन प्रकारची. होडी अगदी सावकाश वल्हवत मागे ओढायची, ती एक. तिच्या गाठी दूर दूर असतात, फांद्या लांब आणि मऊ असतात, म्हणजे त्या पाण्यात मोकळ्या हलतात. होडी एका जागी थांबवून सरळ खाली सोडायची, ती दुसरी. तिच्या टोकाला वजनासाठी शिसे असते आणि ती हाताने झटके देत वरखाली करायची असते. तिच्या फांद्या आखूड आणि ताठ हव्यात, नाहीतर त्या मुख्य दोरीलाच वेढे घालतात.

या उभ्या माळेत एक गोष्ट मुद्दाम कच्ची ठेवतात. सगळी माळ जाड तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या दोरीची, असते, पण शिसे मात्र बारीक तंगुसाने बांधतात. धरणाच्या तळाशी जुन्या शेतांचे बांध आहेत, झाडांचे बुंधे आहेत. शिसे त्यांत अडकले, तर ओढल्याबरोबर ही बारीक दोरी तुटावी आणि बाकीची माळ वर यावी, हा हेतू. ती जाड असेल, तर माळ तळाला धरून राहते. वारा होडीला ढकलत असतो आणि दोरीचा वेढा आपल्या हाताला असतो.

म्हणून मित्रांच्या होडीत एक रीत होती. प्रत्येकाने आपली माळ स्वतः बांधायची आणि निघण्यापूर्वी दुसऱ्याच्या हाती द्यायची. दुसऱ्याने एकेक गाठ ओढून पाहायची. शेवटी पंचा हाताला गुंडाळून शिशाची दोरी ओढायची. ती तुटलीच पाहिजे. तुटली की मालकाने ती नव्याने बांधायची आणि मगच होडी पाण्यात लोटायची.

मागच्या पावसाळ्यात मित्रांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. वाचा आधी परतली, मग पाय, आणि दिवाळीपर्यंत उजव्या हाताची बोटेही हलू लागली. त्यांनी लगेच होडीचा विषय काढला. आम्ही पडवीत बसलो होतो. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातूनच म्हणाल्या, "होडीचं नाव काढायचं न्हाई."

"मग काय करू? पाहुण्यांना चहा देत बसू?"

"द्या की. बायकोपेक्षा पाहुण्यांशीच लई ग्वाड बोलता तुमी."

"पाहुणे दोन दिसांत जात्यात, म्हणून."

वहिनींना हसू आले, पण त्या बधल्या नाहीत. दोन-तीन आठवडे हा विषय असाच चालला. शेवटी एका शनिवारी त्यांनी स्वतःच अट घातली. "अख्खी माळ सोताच्या हातानं बांधा. कुणी हात लावायचा न्हाई. गुरुजी ओढून बघतील. ते बरोबर म्हणाले, तर जावा."

मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, दोस्ती बाजूला ठेवा. मला हा माणूस पाण्यातनं परत पायजेल."

मित्र सरावाला लागले. फांदीसाठी दोरीचा फास करायचा, फासाच्या बुडाशी दोरीला पीळ द्यायचे, पिळांच्या मधोमध फट ठेवायची, त्या फटीतून फास ओढून घ्यायचा आणि गाठ थुंकीने ओली करून आवळायची. निरोगी माणूस हे बोलता बोलता करतो. ते दोरीचे एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवत, दुसरे दातांत धरत, आणि पीळ डाव्या हाताने देत. उजव्या हाताची बोटे दोरी नुसती दाबून ठेवत. फास निसटला, की ते तोंडात दोरी असतानाच शिवी देत, आणि ती नीट उमटत नसे.

"गुरुजी, शाळंत बी असंच डोळं वटारून बसायचात व्हय?"

"शाळेत मुले गाठी दातांनी सोडवायची. बांधताना कोणाला पाहिले नव्हते."

"मग बघून घ्या. शिकाल काय तरी."

त्यांना पाण्यावर जायचे होते. मासळीची त्यांना फारशी हौस कधीच नव्हती. मिळालेली बहुतेक शेजारी वाटली जायची. पण घरात सगळे जण त्यांच्याशी सांभाळून वागत होते. होडीत तसे कोणी वागणार नाही, असे ते मला एकदा म्हणाले होते.

परीक्षेच्या दिवशी कडक ऊन होते. वहिनी पडवीच्या कडेला सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या. मी मित्रांसमोर बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले, म्हणजे नकळतही मदत होणार नाही. त्यांनी डबा उघडला, रीळ काढले आणि बांधायला सुरुवात केली. फार वेळ लागला. एक गाठ त्यांनी स्वतःच नापसंत करून कापली आणि पुन्हा मारली. शेवटी शिसे बांधले आणि माळ माझ्यासमोर धरली.

मी एकेक फांदी ओढली. एकही गाठ सरकली नाही. फांद्यांची लांबी योग्य होती, अंतरे सारखी होती. इतकी नेटकी माळ मी धडधाकट हातांनी बांधलेलीही फार वेळा पाहिली नव्हती. मग पंचा गुंडाळला आणि शिशाची दोरी ओढली. ती तुटली नाही. पाय रोवून पुन्हा ओढली. दोरी पंच्यात रुतली, पण तुटली नाही.

"पक्की हाय की," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सूप खाली ठेवले होते, आणि कित्येक महिन्यांत मी त्यांचा चेहरा इतका मोकळा पाहिला नव्हता. "बांधली बाबा यांनी."

त्या कधी होडीत बसल्या नव्हत्या. कोणती दोरी तुटायला हवी, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते आम्हा दोघांनाच ठाऊक होते. डब्यात जाड आणि बारीक तंगुसाची दोन रिळे शेजारी शेजारी असत. दोन्ही पांढरी. त्यांतला फरक आम्ही कधी डोळ्यांनी पाहत नसू. दोरी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळली, की कळत असे. मित्रांनी आताही ती चोळली होती. मी पाहिले होते.

मी त्यांच्याकडे पाहिले. ते माझ्या हातातल्या दोरीकडे पाहत होते. त्यांनी डोळ्यांनीदेखील काही मागितले नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "ही दोरी तुटायला हवी होती."

मी कारण सांगितले. त्या ऐकत असतानाच मित्र मध्ये बोलले. "रीळ चुकलं, एवढंच. लाल तंगूस मिळतोय. पुढच्या बारीला घेऊन या. शिशाला लाल लावायचा. डोळ्याला दिसंल, मग कशाला चुकतोय?"

उपाय अचूक होता. मलाही तोच सुचला होता. लाल दोरी आणली असती, तर पुढच्या शनिवारी त्यांची माळ निर्दोष झाली असती आणि अट पुरी झाली असती. पण उभी माळ पाण्यात गेल्यावर दिसत नाही. शिसे तळाला टेकले, दगडात अडकले की शिंगाळ्यासारख्या माशाने गळ ओढला, हे सारे बोटच सांगते. वेढा हाताला काचू लागला, हेही बोटच सांगते.

"डोळे मिटा," मी त्यांना म्हणालो.

त्यांनी मिटले. मी जाड दोरी त्यांच्या उजव्या अंगठ्यात आणि बोटात दिली. "कोणती?"

"बारीक," ते चटकन म्हणाले.

मी बारीक दिली. त्यांनी ती बराच वेळ चोळली. "ही बी बारीकच. फसवताय व्हय?"

मी दोरी काढून घेतली. ती सरकताना त्यांना कळायला हवी होती. ते बोटे चोळतच राहिले. "थांबा," म्हणाले, "सांगतो." कपाळाला आठी घालून ते रिकामी बोटे एकमेकांवर फिरवत होते, आणि वहिनी ते पाहत होत्या.

त्या उठून आल्या आणि त्यांनी तो हात आपल्या हातात घेतला. "कवापास्नं?"

मित्रांनी डोळे उघडले. त्यांनी आधी माझा हात पाहिला, मग दोरी. "पयल्यापास्नं," ते म्हणाले. "बोटं हलत्यात, पर लागत न्हाई काय."

"आन्‌ रोज सकाळी बंब पेटवता तुमी. जळती लाकडं ह्याच हातानं आत सारता." वहिनींचा आवाज चढला नाही. "मला सांगायचं न्हाई?"

त्या हात उलटसुलट करून पाहत राहिल्या. मनगटाच्या वर भाजल्याचा एक जुना डाग होता. तो मीही इतके दिवस पाहिला होता आणि त्याबद्दल विचारले नव्हते.

त्या दिवसापासून मी एकच प्रश्न मनात घोळवतो आहे. मी खोटे बोललो असतो, तर चूक झाली असती, याबद्दल मला शंका नाही. पण वहिनींनी मला माळ तपासायला सांगितले होते. हात तपासायला नव्हे. माळेतला दोष मी दाखवला होता आणि त्यावरचा उपायही समोर आला होता. तिथे थांबलो असतो, तर पुढचे त्यांचे त्यांनी घरात बोलून ठरवले असते, किंवा नसते. पत्नीसमोर त्यांना डोळे मिटायला लावणे आवश्यक होते का, याचे उत्तर मला देता येत नाही. वहिनींना विचारले, तर त्या म्हणतात, "बरं केलंत." मग थोड्या वेळाने सांगतात, "पर आता ते माझ्याशी बी धड बोलत न्हाईत."

मी अजूनही शनिवारी जातो. मागच्या खेपेला काठावर होडी दिसली नाही. मित्रांनी ती भावकीतल्या एकाला देऊन टाकली होती. मी कारण विचारले.

"लाकूड पाण्याबाहेर राह्यलं की उलतं, चिरा पडत्यात," ते म्हणाले आणि बाकावर थोडे सरकून मला जागा करून दिली.