घडी मोडलेला शालू

रत्नागिरीच्या बाजारात आमच्या शेटचं कापडाचं दुकान होतं, आणि त्या दुकानात शिवणाच्या मशीनवर बसलेली मी एकटी बाईमाणूस होते. पुरुष शिंप्यापुढे बायका पोलक्याचं माप द्यायला लाजत, म्हणून शेटनं मला ठेवलं. मला बघायला लोक सोमेश्वरापासून चालत यायचे. माझं रूप बघायला नव्हे हो, बाई मशीन चालवते ते बघायला. पण मी रूपच समजून घेत असे, कुणाच्या बापाचं काय जात होतं?

दुकानात दोन गुमास्ते. पहिल्या दिवशी दोघांनीही मला 'ताई' म्हणून हाक मारली. आठ दिवसांत तो शब्द त्यांच्या तोंडातून असा नाहीसा झाला की पुढे सख्ख्या बहिणींनासुद्धा ते 'अहो' म्हणत असतील.

थोरला सडपातळ, गोरा, मिशी सफाचट. लुगड्यांचा भाग त्याच्याकडे. गिऱ्हाईक आलं की तो लुगड्याचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकायचा, मान जराशी कलती करायचा, आणि असा लाजायचा की खऱ्या नववधूंनी त्याच्याकडून शिकून जावं. काळुंद्र्या बायकांनाही वाटे, आपण हे नेसलो की अशाच दिसू. लुगडं खपलंच. धाकटा मालगुंडकडचा, दंड खांबासारखे. तो कापडाचा तागा असा फेकायचा की एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं थेट जेटीवर. एकदा म्हणे त्याच्या मांजरपाटावरून एक मुंगूस रस्ता ओलांडून गेलं.

दोघंही माझ्यामागे. थोरला सुयांची पुडी आणून द्यायचा, धाकटा त्या सुया लपवायचा. थोरला म्हणायचा, "तुमच्या हातात कला आहे." धाकटा मागून त्याला म्हणायचा, "आणि तुमच्या अंगावर लुगडं." मी हसायचे. माझा जीव धाकट्यावर होता हे सांगायला नको. दंडच तसे होते.

पण खेळायला वेळ नव्हता. बाप नाही, आई आंधळी, वय एवढं वाढलेलं की शेजारणी वय विचारायचं सोडून चौकशी काळजीच्या सुरात करायच्या. माझा मामा मालाच्या मचव्यावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. त्यानं सरळ सांगितलं होतं, "पावसाळ्याआधीची शेवटची खेप घेऊन येईन तेव्हा दुकानात येतो. दोघांतला एक पसंत पडला तर ठीक. नाहीतर राजापूरचा बिजवर तयार आहे. काजूची बाग आहे, दोन बायका खाऊन बसलाय, कानानं बहिरा आहे, बाकी ठीक." ते 'बाकी ठीक' ऐकून मला घाम फुटला होता.

त्या दिवशी शेट जेवून वामकुक्षीला घरी गेलेले. गुहागरकडची एक बागाईतदारीण लेकीच्या लग्नाचा शालू घ्यायला आली, सोबत बहीण. थोरल्यानं डाळिंबी शालू खांद्यावर टाकला, मान कलती केली.

बाई म्हणाल्या, "खांद्यावर टाकून काय कळणार? निऱ्या कशा पडतात, कासोटा कसा बसतो, ते दिसायला नको का?"

आता दुकानाचा एक कडक नियम होता. पदर खांद्यापर्यंत, त्यापुढे नाही. शालू कंबरेला गुंडाळला की त्याची घडी मोडली, आणि घडी मोडलेला शालू नवरीला चालत नाही. थोरल्यानं नम्रपणे नाही म्हटलं. तेवढ्यात धाकट्यानं माझ्याकडे बघून डोळा घातला आणि म्हणाला, "राहू द्या हो बाई, आमच्या थोरल्यांना नुसता पदर जमतो. कासोट्याला मर्द लागतो."

मी फिसकन हसले. तेच नडलं. थोरल्याचे कान डाळिंबी झाले, शालूला मॅचिंग. तो बाईंना म्हणाला, "घडी मोडते ती बायकांनी नेसल्यावर. पुरुषानं नेसलं तर मोडत नाही. शास्त्र आहे."

"हो का?" बाई म्हणाल्या. "असेलही बाई."

आणि धोतरावरूनच त्यानं तो शालू चापूनचोपून नेसला. खोटं सांगत नाही, असं नेसणं मी आजतागायत पाहिलं नाही. निऱ्या मोजून ठेवल्यासारख्या, कासोटा ताठ, पदर डोक्यावर. तो गादीवरून चार पावलं चालला तर समोरच्या तपकिरवाल्यानं तराजू खाली ठेवला. बाईंची बहीण पुटपुटली, "अगो, आपल्या मुलीपेक्षा हाच बरा दिसतोय."

नेमका तेव्हा मामा दारात उभा. समुद्राच्या उन्हानं डोळे बारीक झालेले. आत बघून म्हणाला, "काय गो बाय, नवरामुलगा कुठला?"

धाकटा पुढे झाला. "एक मी, मामा. दुसरा तो. निऱ्या सावरतोय ना, तो."

मामानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "मला भाचीसाठी नवरा हवाय. जाऊ नकोय."

मी हसले. साधं हसले नाही, मशीनवर डोकं ठेवून हसले, माझ्या हसण्यानं दीपगृहावरचे कावळे उडाले. थोरला माझ्याकडे बघत उभा होता. एक शब्द बोलेन म्हणून वाट बघत असावा. मी डोळे पुसले आणि पुन्हा हसले.

मग मामा धाकट्याकडे वळला. "तू रे? कुठला?"

"मालगुंडचा."

"कोणाचा?" धाकट्यानं बापाचं नाव सांगितलं मात्र, मामाच्या भिवया वर गेल्या. "मेल्या, म्हणजे गोठ्यामागच्या घरातला तू! गेल्या खेपेला तुझ्या सासऱ्याची कौलं माझ्याच मचव्यातून उतरवली. तुझी बायको बंदरावर आली होती, कडेवर पोर घेऊन."

धाकटा खांब हलला. "ते लहानपणीचं लग्न, मामा."

"आणि पोर? तेपण लहानपणीचं?"

"दोघींना सांभाळीन की."

"पहिलीच तुला सांभाळत्ये, गाढवा."

तेव्हा कुणीतरी हसलं. थोरला. पदर तोंडाशी धरून, अगदी घरंदाज नवरीसारखा, आवाज न करता, खांदे हलवत.

मामा व्यवहारी माणूस. त्यानं घसा खाकरला आणि थोरल्याला म्हणाला, "बाबा, तू तेवढं ते सोडून ये. आपण बोलू."

थोरल्यानं पदर नीट केला. मुलगी बघायला आलेले लोक निघताना ज्या सुरात बोलतात, त्याच सुरात म्हणाला, "क्षमा असावी. मुलगी पसंत नाही."

डोक्यावर पदर घेतलेल्या माणसानं मला नापसंत केलं! अख्ख्या कोकणात असली नामुष्की दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली असेल तर मला दाखवा.

एवढ्यात शेट आले. बघतात तो गुमास्ता नवरी होऊन उभा. बागाईतदारीण म्हणाल्या, "शालू छान आहे हो शेट, पण हा नको. मोडली ती मोडलीच घडी. आतला कोरा काढा." शेट थोरल्यावर असे ओरडले की लोडातला कापूस सुटला. "आता हा कोणाच्या बोडक्यावर घालू?"

मामानं शालूचा काठ बोटानं चाचपला. माझ्याकडे पाहिलं. मग शेटला विचारलं, "अर्ध्यात द्याल?"

"मामा!" मी ओरडले.

"ओरडतेस काय? राजापूरचा नवरा वापरलेला, शालू वापरलेला. जोडा जमतो."

या वेळी सगळे हसले. बागाईतदारीण, तिची बहीण, शेट, समोरचा तपकिरवाला, आणि तो गाढव धाकटासुद्धा.

वैशाखात राजापूरला लग्न लागलं. अंतरपाटामागे मी तो शालू नेसून उभी. थोरल्याला तपकीर ओढायची सवय, आणि कमरेच्या निऱ्यांत त्याची चिमूटभर राहिली होती. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मी अशी शिंकले की अक्षता भटजींच्या अंगावर.

पलीकडून नवरदेवांनी मोठ्यानं विचारलं, "काय पडलं?"