मफलरातला रोशा

फोन आला तेव्हा मी अहिल्यानगरच्या घरी गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. "तात्या गेले," धाकटा चुलतभाऊ म्हणाला. माझ्या हातात त्यांच्याच घरची बाटली होती, रोशाच्या तेलाची. अशा वेळी माणसानं रडावं, मला मात्र आधी ऐकू आलं ते तात्यांचं ठेवणीतलं वाक्य, "चोळ, चोळ! आन् मग चार हात लांब बस!"

तात्या म्हणजे माझे चुलते. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात राहायचे, एसटीत कंडक्टर होते. तेल काढायची ती त्यांची बायको, सोनाकाकू. आमच्या कोरड्या डोंगरउतारावर रोशा नावाचं उंच गवत येतं. पान चुरगाळलं की गुलाबाजवळ जाणारा वास. ते फुलोऱ्यात आलं की काकू कापून आणायची, सावलीत वाळवायची आणि परसातल्या तांब्याच्या हंड्यात पाणी घालून चुलीवर चढवायची. वाफ गार पाण्याच्या पिंपात बुडवलेल्या नळीतून जायची, निवून पलीकडच्या बरणीत थेंब थेंब पडायची आणि पाण्यावर पिवळसर तेलाचा पातळ थर तरंगायचा. एवढ्या मोठ्या भाऱ्याचं तेल ते केवढंसं!

त्यासाठी ऊसतोडीला निघालेली माणसं काकूच्या दारात यायची. कोयता मारून आखडलेले खांदे, मोळ्या वाहून धरलेली कंबर... खोबरेल तेलात थोडं रोशाचं घालून चोळलं की आराम पडतो, फडात डासही जरा लांब राहतात. आराम म्हणजे बरं होणं नव्हे, हे काकू स्वतःच बजावायची. "नुसतं लावू नगा, कातडं जळंल. डोळ्याला न्हाई, तोंडात तर न्हाईच. आन् सूज उतरली न्हाई तर डाक्टरकडं जायचं, माझ्याकडं न्हाई."

या सगळ्याला तात्यांचा जाहीर विरोध. भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर, तो नाकावर ओढून ते घरात शिरत. "आगं, हे घर हाय का अत्तराचं दुकान? कालच्याला शेवगावच्या गाडीत एक बाई म्हनली, कंडक्टर, लगीन हाय का आज तुमचं?" काकू चुलीत लाकूड सारत म्हणायची, "मग केलं का?" आणि तात्या नाटकातल्या घायाळ नायकासारखे बाजेवर कोसळायचे. हा प्रयोग मी लहानपणापासून पाहिला, कधीच शिळा झाला नाही.

करोनात दोघंही आजारी पडले. बरे झाले, पण काकूला वास येईनासा झाला तो कायमचाच. तिनं कुणाला सांगितलं नाही. त्या हंगामात मी परसात बसलो होतो. दुसऱ्या दिवशी ऊसतोड टोळीच्या गाड्या निघणार, रिकाम्या बाटल्या दारात मांडलेल्या. हंड्यातलं पाणी आटलं, गवत बुडाला लागलं आणि करपट वास सुटला. मी नाक मुरडलं. बरणीशेजारी बसलेली काकू मात्र शांत होती... तिला काहीच कळत नव्हतं. करपलेलं तेल बाटल्यांत गेलं असतं तर तिच्या हातावरचा लोकांचा विश्वास त्याच दिवशी संपला असता.

तात्या बाहेर आले. थबकले. माझ्याकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, आणि "आय आय गं, पाय घसरला!" असं ओरडत सरळ बरणीवर लाथ. सगळं तेल मातीत! काकूनं संध्याकाळपर्यंत त्यांचा उद्धार केला. तात्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि मग उरलेला भारा स्वतः हंड्यात भरला. "पाय मुरगाळलाय माझा. हितंच शेकत बसतो."

त्यानंतर प्रत्येक हंगामात ते त्याच जागी, लाकडी पाटावर बसू लागले. "नाक फुटलं माझं!" अशी बोंब चालू असली की तेल चांगलं उतरतंय. तात्या गप्प झाले की काकू मुकाट्यानं लाकडं मागे ओढायची, हंड्यात पाणी घालायची. त्या दोघांत यावर एक शब्द झाला नाही.

दहाव्याला गेलो तेव्हा मफलर परसातल्या खुंटीवर होता. काकूनं तो माझ्या हातात दिला. "यांचा वास येतोय का रं?" येत होता, घामात मुरलेल्या रोशाचा. पुढच्या खेपेला अगदी पुसट. मागच्या आठवड्यात गेलो तर नुसतं कापड. गवत फुलोऱ्यात आलेलं, हंडा कोरडाच. मी काकूची पाठ वळलेली पाहून माझ्या खिशातल्या रोशाच्या बाटलीतले दोन थेंब मफलरावर टाकले आणि नाकाशी धरून म्हणालो, "येतोय की!"

काकूनं मफलर घेतला, बोटांनी चाचपला. ओल हाताला लागलीच असणार. ती हसली, तात्या गेल्यापासून पहिल्यांदा.

"त्यांनी बरणी लाथाडली तवाबी मला कळलं हुतं. माणूस घसरला की आधी हात टेकतो. ह्यांनी आधी नेम धरला."

तिनं मफलर माझ्या गळ्यात टाकला, पाट चुलीजवळ सरकवला आणि हंड्यात पाणी ओतायला घेतलं.

"बस तितं. आन् गप बसू नगंस."