खापराविना मांडे

नाना गेल्याचा ट्रंक कॉल धुळ्याहून आला, तेव्हा मेहरूणच्या आमच्या वृद्धाश्रमात व्हरांड्यातला व्यायाम चालू होता. नाना मुलीकडे राहायला गेले होते. तिथेच पहाटे झोपेत गेले. व्यवस्थापिका म्हणून बातमी सांगणं माझं काम. सांगितली. खुर्च्यांवरचे सगळे हात खाली आले. अमळनेरकडच्या अक्कांचे तेवढे वरच राहिले. "हातवरना मांडा आर्धामा कसा ठेवू, ताई?" एवढंच म्हणाल्या आणि हात फिरवत राहिल्या... मग एकेक करून बाकीचेही हात उचलले गेले.

नाना शाळेतले निवृत्त कवायत-मास्तर. आश्रमात राहायला आले ते गळ्यात शिट्टी घालूनच. दुसऱ्याच दिवशी त्यांनी व्हरांड्यात 'सावधान!' अशी आरोळी ठोकली आणि दोघांचा चहा सांडला. "मी काय शाळानी पोर शे का?" अक्का तडकल्या. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. न्हाणीघरात पडून त्यांचा उजवा खांदा मोडला होता. हाड जुळलं, डॉक्टरांनी हात हळूहळू हलवायला सांगितलं. पण दुखतो म्हणून अक्कांनी तो पोटाशी धरला तो धरलाच. आता तो डोक्यापर्यंत जाईना. जन्मभर स्वतःचा अंबाडा स्वतः बांधलेली ही बाई दुसऱ्या कुणाला केसांना हात लावू देईना. एके सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "कापी टाका बठ्ठा केस." मी खणातून कात्री काढली. नाना शेजारीच पेपर वाचत बसले होते.

"अक्का, दिवाळीपर्यंत थांबा. नाही जमलं तर न्हावी मी आणतो."

"तुमना डोकावर एक केस नही, तुम्हले काय समजस?"

नानांनी टकलावरून हात फिरवला. "म्हणून तर सांगतो. गेलेले परत येत नाहीत."

त्या दिवशी शिट्टी खुंटीला गेली. नानांनी आपला पंचा भिजवून पिळला, त्याचा गोळा अक्कांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मला मांडे शिकवा." पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत पसरवायचा आणि उपड्या खापरावर टाकायचा, हे खान्देशातल्या बाईला काय सांगायचं! पहिल्या दिवशी अक्कांचा मांडा पुरीएवढा झाला. दुखलं की थांबायचं, हा नानांचा एकच नियम. खापर म्हणजे आधी मांडीवरची उशी, मग टेबल, मग खिडकीची कड. खापर चढत गेलं तसा हातही चढत गेला. पुरुष आधी हसले, मग तेही पंचे घेऊन बसले. त्यांचे मांडे फाटतात म्हणून अक्का त्यांना भरपूर बोलून घेत.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतर अक्का व्हरांड्यात आल्या, त्या तेल लावून, अंबाडा बांधून. अंबाडा एका कानाकडे कलला होता. नाना उठून उभे राहिले, टाचा जुळवून त्यांनी सलाम ठोकला. "न्हाव्याला नको सांगतो." अक्का लाजल्या. मी तोवर त्यांना लाजताना पाहिलं नव्हतं.

नानांची मुलगी त्यांचं सामान न्यायला आली, तेव्हा शिट्टी मी तिच्या हातात दिली. पंचा मात्र मागून घेतला. रोज सकाळी मी तो भिजवून, पिळून अक्कांना देते. अंबाडा अजून वाकडाच असतो. कात्री आता गोळ्यांच्या पट्ट्या कापायच्या कामी येते.